मंडळींना आणावे की नाही

मोंबासा, जुलै १९५३

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

बोटीवरून उतरलो तो सुखरूप. परंतु आईने बांधून दिलेल्या मेतकुटाची पुडी नाकाशी धरून बंदरावरील एका गोऱ्या अंमलदाराने जी उलटतपासणी आरंभिली, तीत माझी सबंध दुपार आणि बरीचशी सभ्यता खर्ची पडली. माऊ माऊ बंडखोरांच्या मुलखात मरावयास कशाला आलात, हा त्याचा अखेरचा सवाल. आणि दाराबाहेर पाहावे तो हमाल, शहाळेवाले व गुजराती गुमास्ते असे निर्वेध चाललेले की, मुंबईच्या वृत्तपत्रांनी पेटविलेला केनिया तो हाच काय, असा संभ्रम पडावा. फोर्ट जीझस हा पोर्तुगीजांचा किल्ला बाहेरूनच पाहिला; वसईचा किल्ला पाहिलेल्यास त्यात नवल नाही.

ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच येथे मोगो या नावाने निखाऱ्यावर भाजून, तिखटमीठ व लिंबू चोळून विकतात. आषाढीस मी तोच खाल्ला. उपवास मोडला किंवा कसे, ते भटजींस विचारून कळवावे. शिलिंग म्हणजे आपले सुमारे पावणेअकरा आणे, हा हिशेब मनात सतत चालू असल्याने प्रत्येक घास महाग लागतो.

नैरोबी, ऑगस्ट १९५३

आपले पत्र पावले. विषुववृत्त इतके निकट असताही हे गाव महाबळेश्वराहून हजारभर फूट उंच असल्यामुळे सकाळी बोटे आखडतात. अक्षराची क्षमा असावी.

मंडळींना आणणे निर्धास्त आहे काय, असे आपण पुसता. गतवर्षीच्या ऑक्टोबरात गव्हर्नर बेअरिंगसाहेबांनी पुकारलेली आणीबाणी सबंध वसाहतीस लागू आहे. भय मात्र जाहीरनाम्याच्या बरहुकूम वागत नाही. ते न्येरी, फोर्ट हॉल, किआंबू या किकुयू जमातीच्या जिल्ह्यांत व आबेरडेअरच्या अरण्याकाठी साचले आहे. आणि मार्चात लारी येथे एका रात्रीत ज्यांची घरे पेटवून कत्तल झाली, तेही किकुयूच, बहुतांशी बायकामुले. म्हणून नैरोबी कशी आहे, असे मी आताशा कोणास विचारीत नाही. कोण मारला गेला, कोठे आणि किती वाजता, एवढेच विचारतो. शेजारचा कापडवाला म्हणतो, काही भय नाही. त्याचा माल गुदामात पडून आहे, तो दुसरे काय म्हणणार? परंतु तोच दिवेलागणीपूर्वी दुकानाच्या फळ्या लावतो आणि मुलीस शाळेपर्यंत स्वतः पोहोचवितो. ही साक्ष मी त्याच्या जबानीहून अधिक ग्राह्य धरतो.

आमच्या आळीत गस्त फिरते ती आमच्या रक्षणार्थ. आमच्याच वाड्यात झाडलोट करणारा किकुयू पोरगा मात्र खिशात परवाना नसेल तर त्याच गस्तीच्या हाती लागून ठाण्यात जातो. परवा तो आला नाही. चौकशी केली, तर घरमालकाने दुसरा झाडूवाला ठेवल्याचे सांगितले, इतकेच.

तूर्त मंडळींनी दसऱ्यानंतर, दर्या निवळल्यावर, निघावे व मोंबासासच उतरून राहावे. बिऱ्हाड पाहून ठेवले आहे. कापडवाल्याची मुलगी एकटी शाळेत जाऊ लागेपर्यंत त्यांस इकडे आणणार नाही. आमच्या बंडूस पुढे इकडील थंडीसाठी लोकरीचा गळपट्टा करावा आणि शेरभर आमसुले अवश्य पाठवावीत. येथील भोजनालयातील गोड आमटीने मी अर्धा झालो आहे. आईस साष्टांग नमस्कार.