आधी गोठवायचं, मग मारायचं

डीटीपीवाल्यांचे पीसी येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते : 'स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.' मी लगेच मारत नाही. ब्राउझर बंद ठेवून आधी नेटस्टॅट बघतो, कुठला प्रोसेस बाहेर कुणाशी बोलतोय ते टिपून घेतो आणि मगच नेटची वायर काढतो. 1998 च्या सुमाराचे नेटबस आणि बॅक ओरिफिस हे लांबून पीसीचा ताबा घेणारे प्रोग्रॅम पोर्टच्या नंबरावरूनच ओळखू यायचे. 12345 किंवा 31337 उघडं दिसलं की झालं. आताचे 443 वरून बोलतात, साध्या वेबसाइटसारखे. नंबरावरून काही कळत नाही.

परवाच्या पीसीत एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल होती. नाव विंडोजचंच, पण खरी राहते सिस्टिम32 मध्ये. ही बसली होती ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात. एंड टास्क केलं, तर काही सेकंदांत नवा पीआयडी घेऊन हजर! अशी मंडळी जोडीनं राहतात. एक मेला की दुसरा त्याला उठवतो. म्हणून मार्क रसिनोविचच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये दोघांनाही आधी 'सस्पेंड' करायचं. गोठलेला जोडीदार दुसऱ्याला जिवंतच वाटतो, त्यामुळे तो गप्प राहतो. मग दोघांना मारायचं. पुढचं काम ऑटोरन्सचं, म्हणजे पीसीसोबत आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणाऱ्या टूलचं. रजिस्ट्रीतली 'रन' की सगळेच तपासतात. शेड्यूल्ड टास्कमध्ये 'अपडेट' असं साळसूद नाव घेऊन बसलेली नोंद मात्र हमखास राहून जाते, आणि रीस्टार्टनंतर पाहुणे परत!

एवढं करूनही ज्यावर बँक नि जीएसटीचं काम चालतं, तो पीसी मी शेवटी फॉरमॅटच करतो. ॲडमिनचे हक्क घेऊन कुणी आत वावरून गेला असेल, तर त्यानं आणखी काय पेरलंय हे त्याच पीसीला विचारून कसं कळणार? सोर्स कोडमध्ये मागमूसही न ठेवता कंपायलरकरवी चोरवाट घुसवता येते, हे युनिक्सवाल्या केन थॉम्पसननं 1984 मध्येच दाखवून ठेवलंय.

मग आधीचा खटाटोप कशाला? आला कुठून, ते कळावं म्हणून. इथं पेनड्राइव्हवर क्रॅकचा सेटअप होता आणि सोबत टेक्स्ट फाइल : अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा. मालकानं इमानेइतबारे केला होता.

"सगळे पासवर्ड बदला, पण मोबाइलवरून," मी म्हटलं.

"बदलतो की. पण ते सॉफ्टवेअर तेवढं परत टाकून द्याल ना, साहेब?"