अडतीस वर्षे आधीच भरलेली शंभरी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नकाशावर, पूर्वेकडे, कोपरातून वाकवलेल्या हातासारखी एक भूपट्टी समुद्रात शिरलेली दिसते. ती केप कॉड. तिथल्या नि लगतच्या गावांचे दहा संघ दर उन्हाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत, बेसबॉल खेळतात. संघ गावाचा, नाव गावाचे. खेळाडू मात्र देशभरातील महाविद्यालयांतून आलेले. उन्हाळी महाविद्यालयीन लीग अमेरिकेत अनेक आहेत, पण मान पहिला जातो तो केप कॉड लीगकडे.

१९८५ साली या लीगने आपली शताब्दी थाटात साजरी केली. आधार होता ४ जुलै १८८५ रोजी बार्नस्टेबल आणि सँडविच या दोन गावांत झालेल्या सामन्याचा. सामना खरा, त्याची नोंदही आहे. पण केपवर गावागावांतले सामने त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते, आणि १८८५ मध्ये ‘लीग’ म्हणावी अशी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. ती १९२३ मध्ये उभी राहिली : चॅटहॅम, फाल्मथ, हायॅनिस आणि ऑस्टरव्हिल, असे चार संघ. म्हणजे शंभरी अडतीस वर्षे आधीच भरली!

वय वाढवून सांगण्याचा मोह संस्थांना सर्वत्र असतो. त्यात केपने जगावेगळे काही केले नाही. प्रश्न निराळा आहे. एकच अखंड परंपरा मानली की मधले सांधे दिसेनासे होतात, आणि या लीगचा खरा इतिहास त्या सांध्यांतच आहे.

१९२३ च्या लीगमधले संघ गावाच्या पैशावर चालत. ग्रामसभेत करातून रक्कम मंजूर होई आणि बाहेरचे चांगले खेळाडू पैसे देऊन आणले जात. महामंदीत हा खर्च गावांना झेपेना. १९३९ च्या हंगामानंतर लीग बंद पडली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती वेगळ्या तत्त्वावर : खेळाडू शक्यतो केपचेच रहिवासी असावेत. युद्धावरून परतलेले जवान, दिवसभर काम करून संध्याकाळी मैदानावर येणारे गावकरी, क्रॅनबेरीच्या मळ्यांत राबणाऱ्या केप व्हर्दियन कुटुंबांतले तरुण या काळात खेळले. हळूहळू नियम सैलावला, महाविद्यालयीन खेळाडू येऊ लागले. १९६३ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) मान्यतेने लीगची फेररचना झाली आणि गावकऱ्याची जागा मैदानावरून प्रेक्षकांत गेली.

तो तिथे नुसता बसून मात्र राहिला नाही. संघटनेच्या नियमांनुसार खेळाडूला वेतन देता येत नाही. मग त्याने राहायचे कुठे? गावातली कुटुंबे त्याला उन्हाळाभर घरात ठेवून घेतात. पूर्वी खेळाडू सकाळी एखाद्या दुकानात काम करत आणि संध्याकाळी खेळत. सामन्याला तिकीट नसते. प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी गोळा होते. (आपल्याकडे टोपी फिरवण्याचा अर्थ निराळा, तो इथे घेऊ नये.) काही मैदानांवर आजही प्रकाशझोत नाहीत, अंधार पडला की खेळ थांबतो. चॅटहॅमला तर समुद्रावरून धुके आले तरी थांबतो.

आता पुन्हा १९८५ कडे. त्या खोट्या शताब्दीच्या वर्षीच लीगने एक अस्सल निर्णय घेतला : लाकडी बॅट परत आणली. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली होती आणि केपनेही ती स्वीकारली होती. धातूची बॅट पोकळ, हलकी आणि न तुटणारी. चेंडू मुठीजवळ लागला तरी तो मैदानात दूर जाऊन पडतो. लाकूड असे लाड करत नाही. फटका चुकला की हात झिणझिणतात, कधी बॅटच दुभंगते. व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटनेच खेळला जातो. त्यामुळे धातूच्या बॅटने ढीगभर धावा करणारा मुलगा पुढे टिकेल की नाही, हे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटना कळेना. केपवर ते कळू लागले. पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचलेले जेफ बॅगवेल (चॅटहॅम) आणि फ्रँक थॉमस (ऑर्लिन्स) हे त्या दशकाच्या उत्तरार्धात इथेच खेळले. धातूच्या आधीच्या काळातले उदाहरण थर्मन मन्सनचे. १९६७ मध्ये चॅटहॅमकडून त्याची फलंदाजीची सरासरी ०.४२० होती. बेसबॉलमध्ये ०.३०० लाही उत्तम म्हणतात. पुढे तो न्यूयॉर्क यांकीज संघाचा कर्णधार झाला.

आज पुन्हा एक सांधा निखळतो आहे. व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड, म्हणजे ड्राफ्ट, २०२१ पासून जुलैत, ऐन हंगामात होऊ लागली. निवड झालेला मुलगा करार करतो आणि हंगाम अर्धवट टाकून निघून जातो. उरलेल्या सामन्यांसाठी त्याच्या जागी घाईने दुसरा बोलवावा लागतो आणि यजमान घरातल्या त्याच खोलीत नवी बॅग येऊन पडते.

आणि ज्या सामन्याच्या आधारे शंभरी साजरी झाली, त्यातल्या सँडविच गावाचा संघ आजच्या दहांत नाही.