वाचून परत दे

एका मुलाने दुसऱ्या मुलाला कादंबरी सुचवणे, या गोष्टीला मराठीत वेगळे नाव नाही. मोठ्यांच्या जगात पुस्तक-परिचय असतो, परीक्षण असते, शिफारस असते. शाळेच्या परिपत्रकात ‘अवांतर वाचन’ असते. मुलांकडे एकच वाक्य असते: ‘हे वाच, भारी आहे. पण वाचून परत दे.’ वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जे परत हवे असते ते मोलाचे असते, आणि त्यासाठी पुढे आणखी कोणीतरी थांबलेले असते, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते ते साधारण ९ ते १३ या वयात. चित्रांची पुस्तके मागे पडलेली असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून लांब असतात. या मधल्या वयासाठी लिहिलेल्या पुस्तकांना किशोर किंवा कुमार कादंबरी म्हणतात. घरच्यांच्या शब्दापेक्षा मित्राच्या शब्दाला वजन येण्याचे वयही हेच असते. म्हणून या वयातले वाचन समजून घ्यायचे, तर पुस्तक कोणी लिहिले याबरोबरच ते कोणी हातात दिले हेही पाहावे लागते.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण येथे बहुतेक घरे बाहेरून आलेली आहेत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनींवर कारखाने उभे राहू लागले, टेल्को आणि बजाज ऑटो आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. सातारा, सोलापूर, लातूर, धाराशिव, जळगाव, विदर्भ अशा सगळीकडून आलेल्या माणसांनी दोन खोल्यांचे संसार मांडले. आजी-आजोबा बहुधा गावीच राहिले, आणि त्यांच्याबरोबर रात्रीच्या गोष्टीही. एका वर्गात चार प्रकारची मराठी बोलली जाऊ लागली. गोष्टीची रिकामी जागा भरायला पुस्तक होते, आणि चारही बोलींच्या मुलांना सारखेच परके आणि सारखेच आपले वाटणारेही पुस्तकच होते.

कारखान्याच्या वेळापत्रकानेही वाचनाला हात दिला. वडील रात्रपाळी करून आले की दिवसा झोपणार. त्या वेळी दोन खोल्यांत आवाज न करता करण्यासारख्या गोष्टी थोड्या असतात. वाचन ही त्यांतली एक. शिवाय विजेच्या नियोजनासाठी या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली, तर शाळेची रविवारी. अनेक घरांत बाप आणि मुले यांची सुट्टी वर्षानुवर्षे जुळली नाही. मुलांचा रविवार त्यामुळे मुलांच्याच हवाली राहिला. जिन्यात, गच्चीवर, वसाहतीच्या मैदानाच्या कडेला पुस्तकांची देवघेव झाली ती या रविवारी.

ही देवघेव चालायची तीही एका व्यवस्थेच्या आधाराने. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. पण ‘लायब्ररी लावायची’ म्हणजे अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी एकच पुस्तक घरी न्यायचे. मुलांनी या नियमातून वाट काढली: दोघांनी दोन पुस्तके घ्यायची, संपली की आपसांत बदलायची आणि मगच परत करायची. कोणी कोणते घ्यायचे याची बोलणी वाचनालयाच्या फळीसमोर व्हायची. निवडताना मुखपृष्ठापेक्षा आतल्या तारखांच्या चिठ्ठीला जास्त मान असे. चिठ्ठीवर शिक्के दाटीवाटीने बसलेले असले, पाने कोपऱ्यांत मऊ झालेली असली, तर पुस्तक चांगले असणार, हा हिशेब मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. फाटके पुस्तक ही आधीच्या वाचकांची न बोललेली शिफारस असते.

नवव्या-दहाव्या वर्षी सुचवली जाणारी पुस्तके बहुधा सुट्या प्रसंगांची असतात. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आधी आकाशवाणीवर आला आणि मग पुस्तकांत. २०११ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे ‘कुठूनही वाच’ असे मित्राला सांगता येते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही असाच प्रसंगाप्रसंगाने भेटतो. दूरदर्शनच्या मालिकेनंतर तो नव्या पिढीच्या हाती गेला. या वयात सुचवणारा मुलगा पुस्तकाबद्दल फार बोलत नाही. तो त्यातला एक प्रसंग करून दाखवतो. समोरचा हसला की काम झाले.

दहा-अकराव्या वर्षी लांब पल्ल्याची भूक लागते, आणि येथे मराठीत सर्वांत जास्त हातांतून फिरलेल्या नायकांमध्ये फास्टर फेणेचे नाव घ्यावेच लागते. भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा, टाळूला जीभ लावून ‘टॉक’ करणारा. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, २०१७ मध्ये चित्रपट आला. पण त्याआधी आणि त्यानंतरही त्याला चालते ठेवले ते ‘पुढचा भाग आहे का?’ या प्रश्नाने. मालिकेतले पुस्तक एकट्याने वाचून भागत नाही. एकाकडे प्रतापगडावरचे साहस असते, दुसऱ्याकडे काश्मीरमधले. क्रम जुळवायला चार घरे पालथी घालावी लागतात. त्या शोधात एकाच इमारतीतल्या पण कधी न बोललेल्या मुलांची ओळख होते. पिंपरीच्या मुलांना आणखी एक आनंद असतो: फुरसुंगी आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या पलीकडच्या अंगाला, हडपसरजवळ आहे. पुस्तकातले गाव बसच्या पाटीवर दिसू शकते, हे सांगताना सुचवणाऱ्याचा आवाज चढतो. पुढे याच वाटेने सत्यजित राय यांचा फेलूदा येतो, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादातून. आणि भागवतांनीच मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची दुनिया येते.

बाराव्या-तेराव्या वर्षी शिफारशीचा स्वर बदलतो. साहसाचे पुस्तक वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सुचवले जाते; रडवणारे पुस्तक हळू आवाजात, एकाच जिवलगाला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ बक्षीस म्हणून, वाढदिवसाला, शाळेतून अनेकदा हाती येते आणि तशीच कपाटात राहते. ‘मी रडलो, पण कोणाला सांगू नकोस,’ असे मित्राने सांगितले की ती उघडली जाते. त्या पुस्तकाची रचनाच अशी आहे की श्याम आपल्या मित्रांना रात्रीमागून रात्री गोष्ट सांगतो. एकाने दुसऱ्याला दिलेली ही गोष्ट त्याच रीतीने पुढे जाते. शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’वरून मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ मुलींमध्ये फिरते. ‘मुलींचं पुस्तक’ हा शिक्का पुसायला एखाद्या बहिणीची किंवा मैत्रिणीची शिफारस पुरते. प्रकाश नारायण संतांचा लंपन याच वयात भेटावा. त्याचे ‘वनवास’ खास मुलांसाठी लिहिलेले नाही, पण ज्याला ते लागले त्याच्या बोलण्यात लंपनचा ‘मॅड’ हा शब्द काही दिवस मुक्कामाला येतो, आणि ते बोलणे ऐकूनच दुसरा पुस्तक मागतो.

ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ या कादंबरीला २०१७ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तिच्यात धरणामुळे पाण्याखाली जाणारे गाव आहे आणि त्या गावातला मुलगा आहे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः पवना धरणाचे. खेड तालुक्यात भामा-आसखेड धरण आहे. या पट्ट्यातल्या मुलाने ही कादंबरी दुसऱ्याला देताना ‘आपलं पाणीसुद्धा असंच आलंय’ एवढे म्हटले, तर भूगोलाच्या तासाला न कळलेली गोष्ट कळते. कारखान्यांच्या या गावात आलेले प्रत्येक कुटुंब कोणते तरी गाव मागे सोडून आलेले असते. त्यामुळे गाव सुटण्याची कथा येथे हातोहात पोचण्यासारखी आहे.

मोठ्यांची शिफारस आणि मुलांची शिफारस यांत मूळचा फरक आहे. मोठा माणूस पुस्तकाचा उपयोग सांगतो: भाषा सुधारेल, संस्कार होतील, शब्दसंग्रह वाढेल. मूल पुस्तकाचा पुरावा देते: रात्री जेवायला उठलो नाही, बसमध्ये स्टॉप चुकला. ते सुरुवातीचे कंटाळवाणे भाग लपवत नाही. ‘पहिली दहा पानं रेट, मग सुसाट आहे’ अशी पक्की सूचना देते. शेवट सांगत नाही, कारण मित्राचा आनंद आपण खाऊ नये हे त्याला उमगलेले असते. ते समोरच्याला ओळखून सुचवते: ‘तुला क्रिकेट आवडतं ना, मग हे.’ आणि ‘नको वाचू, बोअर आहे’ असेही बिनधास्त सांगते. या नकारामुळेच त्याच्या होकाराला किंमत येते. मुलांचे पुस्तक कंटाळवाणे आहे, असे मोठी माणसे मुलांसमोर क्वचितच कबूल करतात.

इतर देशांनी मुलांच्या या न्यायबुद्धीला औपचारिक जागा दिली आहे. ब्रिटनमध्ये १९८० पासून मुलांच्या मतांवर ठरणारा पुस्तक-पुरस्कार सुरू झाला. जर्मनीच्या राष्ट्रीय बालकुमार साहित्य पुरस्कारात २००३ पासून तरुण वाचकांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो आणि त्याने कसदार लेखकांचा सन्मान केला आहे. पण निवड मोठ्यांची असते. अलीकडे राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘महावाचन उत्सव’ घेतला, त्यात तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी वाचलेल्या पुस्तकांविषयी स्वतःचे विचार मांडले. ही सुरुवात मोलाची आहे. तिचा पुढचा टप्पा सोपा आहे: मुलांचे ते लिखाण अहवालात न थांबता त्याच पुस्तकात चिकटवले जावे, म्हणजे पुढच्या मुलाला ते सापडेल.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्याचे टोक चाकणपर्यंत सरकले. कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींचे झाले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. आता कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही येतात आणि त्यांतल्या अनेकांची मुले मराठी शाळेत बसतात. अशा मुलाच्या हाती वर्गमित्राने दिलेली मराठी कादंबरी हे भाषेत येण्याचे आमंत्रण असते. धड्यातली मराठी गुणांसाठी असते. ही मराठी पुढे काय झाले हे कळण्यासाठी असते, म्हणून ती लवकर अंगवळणी पडते. अडलेल्या शब्दाला शेजारचा मित्र उत्तर देतो, आणि शब्द विचारण्याची लाज मित्रापाशी वाटत नाही.

इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांची अडचण उलटी आहे. मराठी बोलता येते, पण वाचताना वेग येत नाही, म्हणून ‘विम्पी किड’ आणि हॅरी पॉटर जवळचे वाटतात. येथेही मित्राचीच युक्ती चालते. ‘विम्पी किड’ची डायरी आवडलेल्याला संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ द्यावी. तिला २०२२ मध्ये अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे आणि तीही एका मुलीची वहीच आहे. हॅरी पॉटर मराठीतही आहे. ओळखीची गोष्ट दुसऱ्या भाषेत वाचताना अडखळणे कमी होते. तेत्सुको कुरोयानागी यांची ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून दोन्ही माध्यमांच्या मुलांना सारखीच भावते. पुस्तक विकत घेणे जमत नसेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आता संगणकावर आणि मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात.

दहावी आली की सुचवण्याची ही साखळी बहुधा तुटते. क्लास, आयटीआय किंवा डिप्लोमा, मग कंपनी, मग पाळ्या. कादंबऱ्या माळ्यावर जातात. काही वर्षांनी हाच वाचक आई किंवा बाप होतो, मोठ्या हौसेने फास्टर फेणेचा संच आणतो आणि मुलापुढे ठेवतो. मूल पान उलटत नाही. आईबापाला वाईट वाटते, पण त्यात वाईट काही नाही. शिफारस चुकीच्या दिशेने आली, एवढेच. महिन्याभराने शाळेतला कोणी मित्र त्याच पुस्तकाबद्दल बोलतो आणि संच रात्रीत उघडतो. अशा वेळी मोठ्यांनी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत: पुस्तक हाताला येईल अशा जागी ठेवावे, मित्राला घरी नेऊ द्यावे, फाटले तर रागावू नये आणि ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य गिळून टाकावे.

आणखी एक टप्पा उरतो आणि तो या पट्ट्यात आता रोज घडतो आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गाव सोडून कारखान्यात आलेली पहिली पिढी आता निवृत्त आहे. त्यांतल्या अनेकांच्या लहानपणी घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तकच नव्हते. शाळा सुटली की गुरे, शेत आणि मग नोकरी. दुपारच्या वेळी नातवंड त्यांच्या हाती एक कादंबरी देते, चांगली कोणती हे सांगते, कुठपर्यंत रेटायचे हेही सांगते आणि परत कधी द्यायची ते बजावते. चष्मा लावून, बोट ओळीखाली धरून आजोबा वाचतात. संपले की पुस्तक जपून परत देतात आणि पुढचा भाग आहे का, असे विचारतात.