बर्फ न पाहिलेल्यांचं गाणं

डिसेंबरात नाशिकरोडला साडेसहालाच अंधार पडतो आणि कानटोप्या बाहेर निघतात. जेलरोडच्या एखाद्या बेकरीत प्लम केकचे खोके रचलेले असतात, दिवाळीतली लाइटची माळ अजून उतरवलेली नसते आणि गल्ल्यावरच्या मोबाइलमधून बिंग क्रॉस्बीचा जराही घाई नसलेला आवाज येतो : ‘व्हाइट ख्रिसमस’. केक बांधणाऱ्या पोराने बर्फ पाहिलाय तो गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. तरी तो चालीवर शीळ घालतो.

गाणं लिहिणाऱ्या अर्विंग बर्लिनचाही हा सण नव्हता. तो ज्यू, 1888 मध्ये रशियन साम्राज्यात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. गाण्याला सुरुवातीचं एक कडवं आहे, ते बहुतेक जण गाळतात. त्यात लॉस एंजेलिसचं ऊन आहे, संत्र्यांची आणि ताडाची झाडं आहेत. म्हणजे गाणाराच उन्हात बसून बर्फ आठवतोय! 1928 च्या नाताळच्या दिवशी बर्लिनचं तान्हं बाळ गेलं होतं. गाण्यात त्याचा उल्लेख नाही. मला मात्र त्या संथ चालीत ते ऐकू येतं. 1942 मध्ये, ऐन युद्धात क्रॉस्बीची तबकडी आली आणि घरापासून लांब असलेल्या सैनिकांनी ती डोक्यावर घेतली.

शेजारच्या देवळालीत गोऱ्या पलटणी मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायच्या. त्या गेल्या. पण नाशिकरोड तरी कुणाचं मूळ गाव? स्टेशनाभोवती वाढलेली ही वस्ती. 1925 मध्ये सरकारी छापखाना आला, मग नोटांचा. नोकरीसाठी माणसं आली, क्वार्टर्समध्ये राहिली. निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्यात ‘आमच्याकडे’ म्हणजे दुसरीकडेच. त्यांना हे गाणं परकं कसं वाटावं?

तक्रार एकच आहे. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं मराठी चर्चला दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्या जलालपूरच्या. तरी नाताळात रस्त्यावर ऐकू येतं ‘जिंगल बेल्स’, ज्यात नाताळाचं नावही नाही. यंदा गिटार आणि सांताचा मुखवटा घेऊन पोरं दारात आली, की करंज्यांची बशी पुढे करण्याआधी टिळकांचं एखादं गीत मागून घ्या. क्रॉस्बी काय, बेकरीत आहेच.