नवखा सूत्रधार

मुलांच्या खेळांविषयी लिहावयास बसले की वडील माणसांच्या लेखणीतून बहुधा तक्रारच बाहेर पडते. प्रस्तुत लेखकाचा तसा हेतू नाही. आमच्या घरी २०२१ सालापासून दर शनिवारी सायंकाळी जो एक खेळ चालतो, त्यात तक्रार करण्याजोगे काही असलेच तर ते एवढेच की, पोह्यांच्या बशीत फासे आणि फाशांच्या डबीत शेंगदाणे सापडतात. परंतु खेळाची सूत्रे नवख्या माणसाच्या हाती आली असता इतरांनी त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न २०२५ च्या पावसाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला. ज्या घरांत पुष्कळ माणसे एकत्र नांदतात, तेथे हा प्रश्न या ना त्या रूपाने नेहमीच येत असतो. म्हणून तो वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम खेळाची ओळख करून देणे अवश्य आहे. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक गडी एकेक पात्र धारण करितो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी देवाचा उपासक. तो त्या पात्राच्या तोंडाने बोलतो व त्याच्या बुद्धीने वागतो. एक जण मात्र यांतले कोणतेच पात्र घेत नाही. त्यास 'डंजन मास्टर' म्हणतात. नगर, अरण्य, गुहा, वाटेतले दरोडेखोर, धर्मशाळेचा मालक, ऊन, पाऊस, हे सारे त्याच्या मुखातून निघते. गड्याने "मी भिंतीवर चढतो" असे म्हटले की मास्तर मनाशी आकडा ठरवितो. काम सोपे असेल तर दहा, मध्यम असेल तर पंधरा, कठीण असेल तर वीस. मग गडी वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या अंगचे बळ मिळवितो. बेरीज आकड्यास पोचली की चढला, न पोचली की पडला. कोणी कोणास जिंकावयाचे नसते आणि डाव असा संपत नाही. कथा जेथे थांबली तेथून पुढल्या शनिवारी पुढे चालते.

फाशांचे नाव ऐकताच आमच्या मातोश्रींच्या कपाळास आठ्या पडल्या होत्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याचा विलाप मीही विद्यार्थिदशेत पाठ केलेला. पण येथे गमावण्यास द्रव्यच नाही हे कळल्यावर त्यांचे समाधान झाले, आणि हल्ली रविवारी सकाळी "काल कोणाचा राक्षस मेला?" अशी चौकशी त्याच करितात.

या मास्तरास मी सूत्रधार म्हणतो, जरी उपमा पुरती जुळत नाही. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो; पुढील अंकांची काळजी कवीस. हा बिचारा अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा, आणि कवीही तोच. शिवाय इतर पात्रे पुढे काय करतील हे त्यास ठाऊक नसते. दुष्यंताने ऐन वेळी "मला कण्वाश्रमात जावयाचेच नाही" असे म्हटले असते, तर कालिदासाने काय केले असते?

आमच्या घरी हे काम माझ्या चिरंजिवाकडे होते. २०२५ च्या जूनमध्ये तो नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. मागे मंडळी उरली सहा. धाकट्या बंधूंची दोन मुले, आमच्या भगिनीचा मुलगा आणि शेजारच्या इमारतीतील तिघे. सूत्रे कोणी घ्यावीत, असे निघताच जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. शेवटी माझी पुतणी म्हणाली, "मी घेते." वय वर्षे सतरा. आमचे कुटुंब तेरा माणसांचे, आणि त्यांतील बहुतेक सर्व बोलके. पंगतीत या मुलीचे वाक्य पूर्ण झालेले मी क्वचितच ऐकले आहे. तिने आपण होऊन सर्वांपुढे बसण्याचे पत्करले याचे मला जितके कौतुक वाटले, तितकीच धास्तीही वाटली.

तिने नवशिक्यांसाठी २०१४ साली निघालेली एक तयार कथा निवडली. तिचे नाव 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर'. निवड शहाणपणाची होती. कथेच्या आरंभीच मालाच्या गाडीबरोबर जाणाऱ्या मंडळींस वाटेत दोन मेलेले घोडे आडवे दिसतात, आणि झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे खुजे, दुष्ट वनचर, दबा धरून बसलेले असतात. पहिल्या पायरीवरील पात्रांचे बळ ते किती! बाण सुटले आणि दोघे जण आडवे झाले. आमचा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. खेळाचे नियम त्यास मुखोद्गत, जणू पाणिनीय परंपरेतला वैयाकरणच. त्याने हरकत घेतली. मुलगी पाने चाळू लागली. वीस मिनिटे खेळ थांबला. "दादा असता तर असं झालं नसतं," असे कोणीतरी म्हणाले. वस्तुतः त्याच पुस्तकात त्याच ठिकाणी लिहिले आहे की, गॉब्लिनांची सरशी झाल्यास त्यांनी मंडळींस बेशुद्ध सोडून, लूट घेऊन निघून जावे. पण भ्यालेल्या माणसास डोळ्यांसमोरची ओळ दिसत नाही, हे परीक्षेच्या वर्गात मी पुष्कळ पाहिले आहे.

दुसऱ्या शनिवारी तिने कथेचा लगाम आवळून धरला. मंडळींनी एका गॉब्लिनास जिवंत पकडून त्याच्याशी बोलावयाचे ठरविले, तर "तसं करता येणार नाही," हे उत्तर. तिसऱ्या शनिवारी ती सर्वांस खूष करावयास निघाली; ज्याने जे मागितले ते त्यास मिळाले, एकास मंत्रसिद्ध तलवारही मिळाली, आणि नऊ वाजण्यापूर्वीच दोघे जांभया देऊ लागले. शाळेत नवा मास्तर नेमके हेच करितो. पहिल्या महिन्यात वर्गास दरडावतो, दुसऱ्या महिन्यात वर्गाचे मन धरू पाहतो, आणि वर्ग दोन्ही महिने गोंगाट करितो. त्या रात्री ती आपल्या आईस म्हणाली, "मला नाही जमत. दादाच फोनवरून घेऊ दे."

ही सूचना सर्वांस पसंत पडली. चिरंजीव तर तयारच होता. रोज रात्री फोन करून तो बहिणीस उपदेश करीतच होता. मला मात्र ती मुळीच रुचली नाही. खेळ चालला असता, यात शंका नाही. पण सतराव्या वर्षी तीन शनिवारांत ज्या जागेवरून उठावे लागले, त्या जागेवर ती मुलगी पुन्हा कधी बसली असती काय? मी चिरंजिवास कळविले की, तिने विचारल्याखेरीज महिनाभर काही सांगू नये. त्यास थोडा राग आला. येईना का.

भाच्याशी जिन्यात बोललो, मंडळींसमक्ष नव्हे. तो म्हणाला, "मामा, निर्णय चुकीचा असला तरी तसाच जाऊ द्यायचा? मग नियम कशाला?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा इतिहास या खेळाहूनही जुना आहे. या खेळाचे कुळ शोधीत गेल्यास ते प्रशियाच्या सैन्यातील युद्धखेळापर्यंत पोचते. तेथे धाकट्या राइसविट्झ याने १८२४ साली नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे, आणि मध्ये एक पंच. नियमांचा भार असा की पंचाने आकडेमोडीतच दमून जावे. पुढे १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने उलट बाजू मांडली की, तक्ते बाजूस ठेवून पंचाने आपल्या अनुभवाने निर्णय द्यावा. मला व्हेर्दीचे मत पटते. परंतु त्याच्या पंचापाशी अनुभव होता. आमच्या पंचापाशी तोच नाही, म्हणून तिला ग्रंथाचा आधार पाहिजे. आणि तोच ग्रंथ सहा जणांच्या हाती असला की त्याची छडी होते.

तेव्हा आम्ही दोघांनी एक तोड काढली. वादाचा मुद्दा निघाला की भाच्याने तो वहीत टिपून ठेवावा. खेळाच्या वेळी सूत्रधाराचा शब्द चालेल, खेळ उठल्यावर सर्वांनी मिळून ग्रंथ उघडावा. एखाद्या पात्राचा जीवच जात असेल तर मात्र तेथेच थांबून पाहावे, ही पुरवणी भाच्याची, आणि ती योग्य होती. महिनोन्महिने वाढविलेले पात्र चुकीच्या वाचनाने मारणे हा अन्यायच होय.

कीर्तनास नवे बुवा उभे राहिले म्हणजे परीक्षा पेटीवाल्याची असते. बुवांचा स्वर घसरला तर जाणता साथीदार हळूच स्वर देऊन त्यांस ठिकाणावर आणितो. श्रोत्यांकडे पाहून हसत नाही. भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात प्रेक्षकाचे गुण सांगण्यास जागा दिली आहे, ती काही उगाच नव्हे. या खेळात तर प्रेक्षक निराळा नसतोच. जो खेळतो तोच ऐकतो.

चौथ्या शनिवारी मीही बसलो. मला एक वृद्ध उपासक मिळाला. काम जखमा बांधण्याचे. कथेच्या पुस्तकात ठिकठिकाणी चौकटीत वाचून दाखविण्याचा इंग्रजी मजकूर असतो. तो ती एका दमात वाचून टाकीत असे. आम्ही गॉब्लिनांच्या गुहेपाशी पोचलो. तीतून एक ओढा बाहेर वाहतो. मी म्हटले, "अगं, माझ्या म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. आत शिरल्यावर नाकाला काय कळतं, कानाला काय कळतं, ते मराठीत सांग."

ती थबकली. पुस्तक उपडे ठेविले. "ओल्या घोंगडीचा वास येतोय, काका," ती म्हणाली. "आणि पाण्याचा आवाज आहे, पण तो एकसारखा नाही. मधेच अडल्यासारखा होतो."

कोणी बोलेना. एवढ्यात भाचा उठून उभा राहिला. "म्हणजे वर कोणीतरी पाणी अडवून धरलंय!" आणि खरोखरच त्या गुहेत गॉब्लिनांनी वर पाणी तुंबवून ठेविलेले असते व ते शत्रूवर सोडतात. आवाज अडल्यासारखा होणे हे मात्र चौकटीत नव्हते. ते तिचे स्वतःचे. मंडळी भिंतीस धरून, ओढ्याच्या काठाने, कुजबुजत वर चढली. त्या रात्री पोहे तसेच राहिले आणि माझ्या भावजयीस राग आला.

त्यानंतर सर्व सुरळीत झाले असे नाही. तिला अजून लढाईत कोणाची पाळी कोणती याचा विसर पडतो, आणि दुकानदाराचे सोंग आणिताना हसू आवरत नाही. वही चालू आहे. गेल्या शनिवारी तीत तीन मुद्दे होते. दोन भाच्याच्या बाजूने लागले, एक तिच्या, आणि तो एक तिने मोठ्याने वाचून दाखविला. पंगतीतही परवा तिने आपल्या वडिलांस "बाबा, माझं व्हायचंय अजून," असे म्हटले; बंधू आमटीचा भुरका अर्ध्यावर ठेवून थांबले.

सध्या माझा वृद्ध उपासक खाणीच्या तोंडाशी एका दोरास लोंबकळत आहे. फासा मी टाकला तो सात पडला, बेरीज नऊ. आणि तिने आकडा किती धरला आहे हे येत्या शनिवारपर्यंत सांगण्याचे साफ नाकारले आहे.