डोळे सरावेपर्यंत

आजोळी वीज गेली की आजी कंदील शोधायला लगबगीने उठत नसे. “दम धर जरा, दिसायला लागेल,” म्हणायची. आणि खरंच, आधी दाराची चौकट, मग पाण्याची कळशी, शेवटी कोनाड्यातला पितळी डबा, असं एकेक आपापल्या जागी येऊन बसे. अणूच्या पोटात काय आहे ते माणसाला कळलं तेही असंच, अंधारात दम धरून, हे मला फार उशिरा समजलं.

शाळेत तो विकीरणाचा प्रयोग आकृतीपुरता होता. सोन्याचा वर्ख, आरपार जाणारे बाण, एखादा उलटा फिरलेला. बाणांपाशी बसलेली माणसं आकृतीत नव्हती. मँचेस्टर, 1909. हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडन. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं. मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे पाहायचं आणि अल्फा कण आदळला की उठणारी ठिणगी मोजायची. इवलीशी, पापणी लवली की हुकली. गुरू रुदरफोर्ड यांना स्वतःला या मोजणीचा धीर नव्हता!

पण उलट बाजूला काही येतं का बघ, असं मार्सडनला सुचवलं त्यांनीच. येईल असं त्यांनाही वाटत नव्हतं. अणू म्हणजे धनभाराचा मऊ गोळा, त्यात इलेक्ट्रॉन रोवलेले, अशी तेव्हाची समजूत. त्यातून वेगवान कण फार तर किंचित कलावा. पण कण परत आले. साधारण 8000 मागे एक. (हा आकडा प्लॅटिनमच्या पत्र्यावरचा. पुस्तकांत श्रेय सोन्यालाच. सोन्याचं नशीबच तसं.)

रुदरफोर्ड त्या एका कणापाशी अडकून राहिले. 1911 मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यावरच्या अतिसूक्ष्म, भारित जागेत एकवटलेलं आहे. बाकी मोकळं. किती मोकळं? वहीत केंद्रक म्हणून एक मिलिमीटरचा ठिपका द्या. सोन्याच्या अणूची कड दहाएक मीटरवर जाईल, वर्गाची भिंत ओलांडून व्हरांड्यापार. पाठ्यपुस्तकाच्या पानात हे मावायचं कसं? परतलेल्या कणाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र वर्खातून न अडखळता गेलेले कण जवळचे वाटतात. ही पोकळी त्यांनीच दाखवली.

उत्तर सापडलं तरी गायगर आणि मार्सडन सुटले नाहीत. सूत्र पडताळायला दोघे पुन्हा अंधारात जाऊन बसले. 1913 च्या त्यांच्या शोधनिबंधातली मोजदाद एक लाख ठिणग्यांच्या वर आहे. एकेक करून, डोळ्यांनी मोजलेल्या.