चुंबळीतली द्राक्षं

मैत्रिणींनो, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर गेलात तर द्राक्षांचे मांडव शोधू नका. वारा इतका सोसाट्याचा, की वेल जमिनीलगतच चुंबळीसारखे वळवतात. घड आत सुरक्षित! पाऊस बेताचाच, समुद्रावरून येणाऱ्या दमटपणावर वेल तगतात. ज्वालामुखीच्या या मातीत मुळांना लागणारी फिलॉक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून मुळं फार जुनी. पण हॉटेलं वाढली, जमिनीचे भाव चढले, नि मळे आक्रसत चालले आहेत. हातानंच करायची ही वळणी जाणणारी माणसंही थोडीच.

इथल्या ‘असिर्टिको’ द्राक्षांची पांढरी वाइन लिंबासारखी आंबटसर, किंचित खारट. थंडगारच घ्यायची बरं का! सोबत भाजलेला मासा, टोमॅटोची भजी, नाहीतर ‘फावा’. म्हणजे आपलं घट्ट वरणच म्हणा ना, वर कच्चा कांदा नि ऑलिव्हचं तेल.